नाचता येतं, शिकवता येईल का?

नृत्याच्या क्षेत्रात शिकवणं सहसा ठरवून सुरू होत नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी विशारदच्या तयारीला लागलेली असते आणि एखाद्या संध्याकाळी गुरू सांगतात, "आजपासून प्रारंभिकच्या मुलींना तू बघ." ती बघू लागते. 'ताई' म्हणून हाक ऐकायची सवय होते. पुढे कार्यक्रम वाढतात, दौरे होतात, समूहातून एकल नृत्यापर्यंत मजल जाते, आणि शिकवणं बाजूला चालूच राहतं. गुरूंनी जसं शिकवलं, तसंच. पस्तिशीच्या आसपास गुडघा कुरकुरायला लागतो, घरच्या जबाबदाऱ्या वाढतात, रंगमंचावर नव्या मुली येतात. आजवर जोडधंद्यासारखं केलेलं शिकवणं हाच पुढचा मुख्य व्यवसाय असणार, हे तेव्हा लक्षात येतं. या टप्प्यावर अनेकींच्या, आणि आता अनेकांच्याही, मनात एक प्रश्न येतो. नृत्यात एम.ए. करावं का? इतकी वर्षं नाचल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन हाती काय लागणार?

करावं, असंच या लेखाचं उत्तर आहे. फक्त ते नाचणं थांबल्यावर करू नये. नाचणं चालू असतानाच करावं, आणि आपल्या अंगात जे मुरलं आहे ते दुसऱ्याला सांगता यावं यासाठी करावं. नुसत्या कागदासाठी प्रवेश घेणाऱ्याला दोन वर्षांनी कागद मिळतोच, पण वर्गात उभं राहिल्यावर तो कामाला येत नाही.

अंगात मुरलेलं सांगता येणं म्हणजे काय, हे एका तिहाईवरून पाहता येईल. तीनतालाच्या मात्रा सोळा. पाच मात्रांचा एक तुकडा समेपासून तीनदा घ्यायचा आणि मध्ये दोन ठिकाणी एकेक मात्रेचा दम द्यायचा. पाच आणि एक, पुन्हा पाच आणि एक, शेवटी पाच. बेरीज होते १७, आणि सतरावी मात्रा हीच पुढच्या आवर्तनाची सम. आता हीच तिहाई बेदम घ्यायची, म्हणजे मध्ये न थांबता, तर समेपासून सुरू करून चालत नाही. तुकडा तिसऱ्या मात्रेपासून उचलावा लागतो. पंधरा वर्षं रंगमंचावर वावरलेल्या कथक नर्तकीला हे सांगावं लागत नाही, तिचे पाय बरोबर तिसऱ्या मात्रेवर पडतात. पण समोरच्या बारा वर्षांच्या मुलीने "ताई, तिसऱ्यापासूनच का?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "ऐक नीट, येईल आपोआप." काहींना येतंही. ज्यांना येत नाही त्या मुली दुसऱ्या वर्षी वर्ग सोडतात आणि 'आपल्याला ताल नाही' हा समज आयुष्यभर बाळगतात. फळ्यावर सोळा मात्रा लिहून तिहाई मागून पुढे मोजायला शिकवलं असतं, तर त्यातल्या किती तरी टिकल्या असत्या.

भरतनाट्यमच्या वर्गातही असंच घडतं. मुलगी अरमंडीत बसते, पण गुडघे बाहेरच्या बाजूला न जाता पुढे येतात. "अजून बस, पाय अजून उघड" असं सांगितलं जातं. मुलगी आज्ञाधारक असते, ती पावलं जोर लावून बाहेर वळवते. मांडी मात्र खुब्यातून वळलेलीच नसते, त्यामुळे सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि तळपायाची कमान आतल्या बाजूला कोसळते. पाय किती उघडेल हे खुब्याच्या सांध्यावर अवलंबून असतं, आणि तो सांधा प्रत्येकीचा वेगळा असतो. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने जायला हवा, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असेल तर मुलीची अरमंडी थोडी उंच राहील, पण गुडघे पन्नाशीपर्यंत साथ देतील. ज्या नर्तकीचं स्वतःचं शरीर जन्मतः लवचीक असतं, तिला ही अडचण कधी आलेलीच नसते. म्हणून ती ओळखणंही तिला जड जातं. उत्तम नाचणाऱ्याला शिकवणं अवघड जातं ते बऱ्याचदा याच कारणाने.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाने ही दरी भरून काढायला हवी. एम.ए. किंवा त्याच्या तोडीचा अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. प्रात्यक्षिक असतंच. शिवाय नाट्यशास्त्र आणि अभिनयदर्पण हे ग्रंथ, नृत्याचा इतिहास, तालशास्त्र, रससिद्धांत, इतर शैलींची ओळख आणि नृत्यरचना हे विषय येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची मांडणी बदलली. संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांकांत ठरलेली जागा मिळाली. एका वर्षानंतर बाहेर पडायचं असेल तर पदव्युत्तर पदविका घेऊन तसं करता येतं. नर्तकांसाठी यातला सर्वांत मोलाचा भाग प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा आहे. तो एखाद्या शाळेत, विशेष मुलांच्या संस्थेत किंवा दुसऱ्या गुरूंच्या वर्गात मिळवावा. आपल्याच वर्गाचं प्रमाणपत्र जोडून हे श्रेयांक पदरात पाडून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून वही उघडण्याची संधी नंतर मिळत नाही.

नर्तकांनी शिक्षणसंस्थेचा रस्ता धरणं ही काही नवी गोष्ट नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हा मध्यमवर्गीय मराठी घरात कथक शिकणं हेच नवल होतं. रंगमंचावर मोठं नाव मिळवत असतानाच त्यांनी ग्रंथांचा अभ्यास केला. नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणाचा कथकच्या अंगाने विचार करून 'कथक दर्पण दीपिका' सिद्ध केली. खैरागढच्या विद्यापीठात नृत्याचा अभ्यासक्रम आखण्यात त्यांचा सहभाग होता आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात त्यांनी शिकवलं. मुंबईत कनक रेळे यांनी कायद्याची पदवी घेतली, कथकली आणि मोहिनीअट्टम आत्मसात केलं, मुंबई विद्यापीठातून नृत्यात पीएच.डी. मिळवली आणि नालंदा नृत्य कला महाविद्यालय उभं केलं. मोहिनीअट्टमच्या हालचालींचं त्यांनी केलेलं विश्लेषण हा शिकवण्याच्या दृष्टीने मोठा ठेवा आहे. सी. व्ही. चंद्रशेखर हे 'कलाक्षेत्र' या संस्थेत घडलेले भरतनाट्यम नर्तक. त्यांची पदव्युत्तर पदवी होती वनस्पतिशास्त्रातली, बनारस हिंदू विद्यापीठाची! पुढे ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राध्यापक आणि अधिष्ठाता झाले आणि उतारवयातही रंगमंचावर उभे राहिले. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. या तिघांपैकी कुणीही शिकवण्यासाठी नाच सोडला नाही, हे आवर्जून लक्षात ठेवावं असं आहे.

आता कुठे शिकायचं ते पाहू. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तिथे संगीत आणि नाट्याबरोबर कथक आणि भरतनाट्यमचं पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळतं. केंद्राच्या नावापुढे गुरुकुल असा शब्द आहे. गायक, नट आणि नर्तक एकाच आवारात वावरतात, याचा फायदा शिकवणीतल्या पाठापेक्षा कमी नसतो. पुण्यातच भारती विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्सच्या विभागातही पदव्युत्तर सोय आहे. मुंबईत नालंदामध्ये पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचा रस्ता आहे. विदर्भातल्या विद्यार्थ्यांना छत्तीसगडमधलं खैरागढ जवळ पडतं. १९५६ साली स्थापन झालेलं इंदिरा कला संगीत विद्यापीठ पूर्णपणे कलांसाठीच आहे आणि ते एका राजवाड्यात भरतं. उत्तर महाराष्ट्रातून बडोदा सोयीचं. सयाजीराव गायकवाडांनी तिथे १८८६ मध्ये संगीतशाळा सुरू केली, तंजावरच्या नर्तकी त्या दरबारात होत्या, आणि आजच्या विद्याशाखेची मुळं त्या काळात जाऊन पोचतात.

एक गोष्ट वेळेवर समजून घ्यायला हवी, कारण त्यात पुष्कळांची वर्षं वाया जातात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आणि अलंकार ही महाराष्ट्रातल्या नर्तकांची हक्काची शिडी आहे, आणि अलंकार होणं ही मेहनतीची कमाई आहे यात वाद नाही. तरी मंडळ हे विद्यापीठ नव्हे. कोणतं विद्यापीठ कोणत्या कामासाठी विशारद किंवा अलंकार ग्राह्य धरतं, हे जागोजागी बदलतं. कलाक्षेत्रासारख्या नामांकित संस्थेच्या पदव्युत्तर पदविकेचंही तसंच. पदविका आणि पदव्युत्तर पदवी एकच मानली जाईल असं गृहीत धरू नये. महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या 'नेट' या पात्रता परीक्षेला अर्ज करताना अशा पदविकेची समकक्षता भारतीय विश्वविद्यालय संघाकडून तपासून घ्यावी लागते. "आमच्या ओळखीत एकीला चालली" हा पुरावा नव्हे. संबंधित विभागाला ईमेल करून लेखी उत्तर मागावं आणि ते जपून ठेवावं.

प्रवेशाला सर्वसाधारणपणे पदवी आणि नृत्याची चाचणी लागते. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्या अनेक नर्तकी या दाराने आत येतात. चाचणीची भीती त्यांना नसते, भीती असते लेखी पेपरची. दहा-बारा वर्षांत हाताने सलग दोन पानं लिहिलेली नसतात. अभिनयदर्पणातले २८ असंयुत हस्त बोटांवर असतात, पण त्यांचे विनियोग सांगणारे श्लोक अर्थासह लिहायला बसलं की गोंधळ होतो. तालाची लिपी लिहिताना विभाग, टाळी आणि खाली यांच्या खुणा चुकतात. यावर उपाय साधा आहे. प्रवेशाच्या सहा महिने आधीपासून रोज एक बंदिश लिपीबद्ध करायची आणि एका हस्ताबद्दल किंवा एका रचनेबद्दल अर्धं पान लिहायचं. मराठीत लिहिलं तरी चालेल. पहिल्या सत्रातली धास्ती एवढ्याने निम्मी होते.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपुस्तकातली विषयांची यादी फार कामाची नसते, सगळीकडच्या याद्या सारख्याच दिसतात. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावं. त्यांना प्रत्यक्ष वर्ग घ्यायला मिळतो का, आणि तो बघून कुणी मोकळेपणाने सांगतं का, हे विचारावं. शरीररचना कोण शिकवतं? फिजिओथेरपिस्ट येतो की पुस्तकातल्या आकृत्या उतरवून घेतल्या जातात? साथीला तबला आणि गायन रोज असतं की परीक्षेपुरतं? ग्रंथालयात जुन्या मैफलींची ध्वनिचित्रमुद्रणं आहेत का? दुसऱ्या घराण्याच्या विद्यार्थ्याला आपली बाजू सांभाळून शिकता येतं का, हा प्रश्नही स्पष्ट विचारायला हवा. जयपूर घराण्यात वाढलेल्या मुलीला लखनौच्या नजाकतीची ओळख होणं चांगलंच, पण तिने पहिलं सगळं पुसून टाकावं अशी अपेक्षा असेल तर ते आधी कळलेलं बरं. आणि गुरूंना न सांगता प्रवेश घेऊ नये. नृत्याच्या जगात हा नुसत्या शिष्टाचाराचा प्रश्न नाही. पुढे शिष्य, साथीदार आणि कार्यक्रम यांचं सगळं जाळं त्याच नात्यांवर उभं असतं.

वेळेचं गणित अवघड आहे. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट हे नर्तकांच्या कमाईचे दिवस, आणि पहिल्या सत्राच्या सादरीकरणाच्या व परीक्षांच्या तारखा नेमक्या त्याच्या आगेमागे येतात. थंडीत महोत्सव सुरू होतात. दोन्हीकडे शंभर टक्के देऊ असं म्हणणाऱ्या बहुतेकांची तिसऱ्या महिन्यात दमछाक होते. दोन वर्षांसाठी समूहनृत्याची आणि दूरच्या दौऱ्यांची आमंत्रणं कमी करावीत, एकल कार्यक्रम मोजके पण टिकवून ठेवावेत. आठवड्यातले दोन वर्ग विश्वासू ज्येष्ठ शिष्येकडे सोपवावेत, आणि त्याचं मानधन तिला द्यावं. ते न देण्याची आपल्याकडची पद्धत चुकीची आहे.

प्रबंधाचा विषय ही या शिक्षणातली सर्वांत श्रीमंत जागा, आणि तिथेच सर्वाधिक हलगर्जी होते. 'नवरस आणि कथक' किंवा 'नृत्यातील कृष्ण' यांसारख्या विषयांवर पुस्तकांतून उतारे जुळवता येतात, पण त्यातून शिक्षक घडत नाही. विषय आपल्या वर्गातून उचलावा. आठ ते दहा वयोगटातल्या मुली ततकारीची दुप्पट करताना नेमक्या कुठे अडखळतात? एखाद्या वयोवृद्ध गुरूंची शिकवण्याची पद्धत कशी आहे, त्या कोणता बोल आधी देतात आणि का? अशा नोंदी आज झाल्या नाहीत तर त्या माणसांबरोबरच संपतील. मराठी नर्तकांना तर तंजावरचं दालन उघडं आहे. सरफोजीराजे दुसरे यांची मराठी निरूपणं आचार्य पार्वतीकुमार यांनी वर्षानुवर्षांच्या कष्टाने पुन्हा नृत्यात आणली. सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी रचनांचा अभ्यास केला, आणि भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची जोड देऊन 'नृत्यगंगा' साकारली. हे काम संपलेलं नाही. मराठी येणाऱ्या भरतनाट्यम विद्यार्थिनीने तंजावरच्या साहित्याला हात न लावता एम.ए. व्हावं, ही खरोखर चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

महाविद्यालयात नियमित शिकवायचं असेल तर पुढची पायरी येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण आणि 'नेट' किंवा तत्सम पात्रता लागते. आरक्षित प्रवर्गांना गुणांची सवलत आहे. 'नेट'चे दोन पेपर एकाच बैठकीत, तीन तासांत होतात. पहिल्यात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, एकूण ३०० गुण, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. नर्तक पहिल्याच पेपरला घाबरतात, कारण त्यात अध्यापन आणि संशोधनाबरोबर तर्क, आकडेमोड, संगणक असं सगळं येतं. दहा घटक, प्रत्येकी पाच प्रश्न. ही तयारी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच सुरू करता येते. दुसरा पेपर नृत्य, नाट्य आणि रंगभूमी असा एकत्र आहे, त्यामुळे नुसत्या आपल्या शैलीच्या जोरावर भागत नाही. संस्कृत नाटक, लोकनाट्य, पाश्चात्त्य रंगभूमी हेही वाचावं लागतं. पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, म्हणून मराठीतून शिकलेल्यांनी संज्ञा दोन भाषांत पाठ ठेवाव्यात.

उशिरा अभ्यासाला लागलेल्यांना धीर देणारी एक गोष्ट आहे. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी 'नेट'ला वयाची अट नाही. संशोधन पाठ्यवृत्तीला, म्हणजे जेआरएफला, ती आहे. खुल्या गटासाठी मर्यादा ३० वर्षांची, आणि स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली आहे. म्हणजे तिशी ओलांडलेल्या नर्तकीने एम.ए. आणखी दोन-तीन वर्षं पुढे ढकललं तर ही रक्कम तिच्या हातून कायमची जाऊ शकते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्याही पाठ्यवृत्ती आहेत. २५ ते ४० वयोगटासाठी कनिष्ठ, दरमहा १० हजार रुपये, आणि चाळिशीपुढच्यांसाठी ज्येष्ठ, दरमहा २० हजार रुपये. दोन्ही दोन वर्षांच्या, संशोधनाच्या कामासाठी.

ज्यांनी रंगमंचावर मोठं काम केलं आहे त्यांच्यासाठी नियमावलीत दुसरं दारही आहे. पदवीधर व्यावसायिक कलाकाराने नामवंत गुरूंकडे शिक्षण घेतलेलं असेल, आकाशवाणी-दूरदर्शनची 'अ' श्रेणी असेल आणि विषय तर्कशुद्धपणे, उदाहरणांसह समजावून सांगण्याची क्षमता असेल, तर त्याचाही विचार सहायक प्राध्यापकपदासाठी होऊ शकतो. शेवटची अट वाचून अनेकांना वाटतं की ती आपल्याकडे आहेच. मुलाखतीत तिहाई फळ्यावर मांडायला सांगितली की खरं काय ते कळतं. याशिवाय २०२२ मध्ये आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद आणली. तिच्यासाठी किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पदव्यांची सक्ती नाही. पण ते नियमित पद नव्हे, जास्तीत जास्त चार वर्षांची नेमणूक आहे.

पदव्या मिळाल्या की नोकरी समोर उभी असेल असं मात्र कुणी समजू नये. महाराष्ट्रात नृत्याची नियमित पदं अगदी थोडी आहेत. बहुतेकांना सुरुवात तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे ज्याला सीएचबी म्हणतात त्यावर करावी लागते. मानधन उशिरा येतं, सुट्टीचे पैसे नसतात. घर चालतं ते स्वतःच्या वर्गावर किंवा शाळेतल्या नोकरीवर. शाळांमधलं क्षेत्र वाढतं आहे. केंद्रीय बोर्डाच्या अकरावी-बारावीला कथक, भरतनाट्यम, ओडिसी, मणिपुरी यांसारखे नृत्यप्रकार स्वतंत्र विषय म्हणून घेता येतात, आणि २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला मुख्य विषयांबरोबरचं स्थान दिलं आहे. शाळेत एका वेळी चाळीस मुलं समोर असतात, त्यांतली पस्तीस नृत्यासाठी आलेली नसतात. तिथे लागणारं कौशल्य घरच्या वर्गात मिळत नाही. शाळेतच स्थिर व्हायचं असेल तर बी.एड.चा विचारही याच वेळी करावा.

राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. त्यामुळे वर्ग भरले हे खरं, पण "दहावीच्या आत अमुक परीक्षा करून द्या" असा पालकांचा आग्रहही वाढला. इथे शिक्षकाने ठाम राहायला हवं. जी मुलगी मध्यमाला अजून तयार नाही तिला परीक्षेला बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

शिक्षक म्हणून येणाऱ्या जबाबदाऱ्यांपैकी दोन गोष्टी अभ्यासक्रमात अनेकदा राहून जातात. पहिली स्पर्शाची. मुद्रा, पाठ, खांदा हाताने सरळ करणं ही आपली जुनी पद्धत आहे. आता मुलीला आणि पालकांना आधी सांगून, परवानगी घेऊन, दार उघडं ठेवूनच ते करावं, आणि शक्य तिथे शब्दांनी किंवा आरशाच्या मदतीने दुरुस्ती करावी. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. तो प्रत्येक नृत्यशिक्षकाने एकदा तरी वाचावा. मुलीच्या वजनावर किंवा रंगावर सगळ्यांसमोर शेरा मारणं हे शिस्तीच्या नावाखाली फार दिवस चाललं, ते थांबवण्याची वेळ कधीच येऊन गेली आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. भाड्याचा हॉल स्वस्त मिळाला की खालची शहाबादी किंवा टाइल्स कुणी बघत नाही. सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर रोज तासभर ततकार केली की त्याचा मार घोटा, नडगी आणि कमरेला बसतो. लाकडी जमीन परवडत नसेल तर निदान वर्गाची आखणी बदलावी. सलग पदन्यासाचे भाग तोडावेत, मध्ये पढंत, हस्त आणि अभिनय घ्यावा. शिक्षकाने स्वतःचा आवाजही जपावा. तबल्यावर चढून बोल सांगत रोज चार तास शिकवणाऱ्यांचा घसा काही वर्षांत बसतो. नट्टुवांगम करणाऱ्यांनाही तोच त्रास होतो.

पाश्चात्त्य नृत्यात हा बदल बराच आधी ओळखला गेला. बॅले नर्तकांची कारकीर्द तिशीतच उतरणीला लागते, म्हणून लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने व्यावसायिक नर्तकांसाठी वेगळी अध्यापन पदविका ठेवली आहे. त्यांना अगदी पहिल्या पायरीपासून नाचायला लावलं जात नाही, शिकवायला शिकवलं जातं. ब्रिटनमध्येच इम्पिरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेत भारतीय शास्त्रीय नृत्याची शाखा आहे आणि कथक-भरतनाट्यमच्या परीक्षा होतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी नर्तकींनी ही वाट जरूर पाहावी. आपल्या विद्यापीठांनीही अनुभवी कलाकारांसाठी असा वेगळा, छोटा, अध्यापनावर भर देणारा अभ्यासक्रम आखायला हवा.

लावणी, लोकनृत्य आणि चित्रपटांतल्या समूहनृत्यातून येणाऱ्यांसाठी वाट अरुंद आहे. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने लोककलेच्या शिक्षणाला विद्यापीठात जागा मिळवून दिली, ही मोठी गोष्ट. तरी संगीतबारीत आयुष्य घालवलेल्या, अदाकारीत मुरलेल्या स्त्रीकडे पदवी नसते आणि म्हणून ती वर्गात शिक्षक म्हणून येऊ शकत नाही. तिला मानधनावर बोलावणं, तिच्या शिकवण्याच्या नोंदी करणं आणि त्या नोंदींवर तिचं नाव घालणं हे एम.ए. करणाऱ्यांच्या हातात आहे.

पदव्युत्तर प्रवेशाच्या जाहिराती साधारण मे ते जुलै या काळात येतात आणि अर्जाला मुदत थोडीच मिळते. पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, कार्यक्रमांच्या पत्रिका आणि गुरूंचं शिफारसपत्र एवढं हाताशी हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गुणपत्रिकेवरचं आणि आधार कार्डावरचं नाव जुळत नाही. मग विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद मागितली जाते, आणि ती मिळायला वेळ लागतो. ज्यांना पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी कागदपत्रांचं हे काम यंदाच्या दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावं.